कुलूप लावण्याआधी पेटी उलटी करा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. प्रामाणिक माणसाकडं कुणी पुरावा मागितला, तर त्यानं रागवावं का? पखवाजवाले, तुम्ही एवढ्यात मान हलवू नका. आधी गोष्ट ऐका!

एक गाव होतं. वरची आळी आणि खालची आळी. सरपंचाच्या मागच्या निवडणुकीत हरलेल्या आळीला निकाल पटला नाही. काठ्या निघाल्या! तीन डोकी फुटली. पाच वर्षं या आळीचं माणूस त्या आळीत मयताला गेलं नाही. लग्नाला नाही हो — मयताला!

यंदा मतदानावर सोनटक्के गुरुजी नेमले. सरळ माणूस! शाळेतला खडूसुद्धा कधी घरी नेला नाही. उभे कोण? खालच्या आळीचे जगदेवराव आणि वरच्या आळीच्या हौसाबाई.

सकाळी गुरुजी पेटीला कुलूप घालणार, तोच हौसाबाई पुढं आल्या.

“गुरुजी, आधी पेटी उलटी करून दाखवा.”

अहो, याच गुरुजींनी बाईंना अक्षरं शिकवलेली!

“हौसे, माझ्यावर अविश्वास? चाळीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी बोललं नाही!”

बाईंच्याच आळीचे लोक ओरडले, “माफी मागा!”

बाईंचे डोळे भरले. पण हलल्या नाहीत. “गुरुजी, माझा विश्वास आहे. पण संध्याकाळी मी हरले, तर माझी माणसं विचारतील — पेटी रिकामी होती का? मग मी काय सांगू? गुरुजी चांगले आहेत, एवढंच?”

गुरुजींनी रागानं पेटी उलटी आपटली — धाड! आणि आतून काय पडलं? शिक्का मारलेल्या सात चिठ्ठ्या!

आदल्या दिवशी मदतनिसांना शिकवताना टाकलेल्या. तळाच्या खाचेत अडकून राहिल्या. मनात पाप नव्हतं हो. नजरचूक!

गुरुजींनी चिठ्ठ्या गोळा केल्या. मग सर्वांदेखत त्या फाडल्या. दोन्ही उमेदवारांना पेटीत हात घालून चाचपायला लावलं. कुलपावर कागद डकवून दोघांच्या सह्या घेतल्या. म्हणाले, “हौसे, आज तू मला शिकवलंस.”

संध्याकाळी मोजणी झाली. हौसाबाई हरल्या — चार मतांनी! पेटीत सात राहिल्या असत्या तर? विचार करा!

वरच्या आळीत काठ्या बाहेर आल्या. “घोळ झाला!” बाई वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. “पेटी मी हात घालून पाहिलीय. कुलपावरची माझी सही उघडताना जशीच्या तशी होती. मी हरले. घरी चला.”

माणसं परतली. महिन्याभरात जगदेवरावांची आई गेली. खांदा द्यायला वरची आळी आली. पाच वर्षांनी!

मंडळी, जिंकलेल्याला निकाल पटतोच. तो हरलेल्याला पटला पाहिजे! मडकं घेताना तुम्ही वाजवून बघता. कुंभार चिडतो का? तोच वाजवून हातात देतो! मग तुम्हाला कुणी ‘दाखवा’ म्हटलं की कपाळाला आठी का?

उद्या याच देवळाच्या पंचांची निवड आहे ना? मतांची पेटी ती बघा, खांबाशी ठेवलीय. मी टाळ खाली ठेवतो. उठा कुणीतरी! देवाचं नाव मग घेऊ — आधी पेटी उलटी करा.