शांती तिसऱ्या बाकावर अडली

...पगार नाही, पेन्शन नाही, आणि बदली मागायची तर अर्ज कोणाच्या नावे करायचा तेही ठाऊक नाही, असं काम आमच्या चर्चनं मला दिलं, तुम्हाला सांगतो. शांती पोहोचवायचं काम. तहसील कचेरीत जन्मभर टपालाची आवक-जावक केली, म्हणून सगळ्यांना वाटलं, हा माणूस अनुभवी आहे.

तुम्हाला आमची पद्धत माहीत नसेल. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब वेदीजवळून खाली येतात, पहिल्या बाकावरच्या माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरतात आणि म्हणतात, 'देवाची शांती तुमच्याबरोबर असो.' त्यानं ती शेजाऱ्याला द्यायची, शेजाऱ्यानं पुढच्याला, अशी हातोहात शेवटच्या बाकापर्यंत. पद्धत चांगली आहे. फक्त शेजारी एकमेकांशी बोलणारे पाहिजेत. आमच्या तिसऱ्या बाकावर या टोकाला मुखरूभाऊ, त्या टोकाला एलियाभाऊ... आणि मधे मी.

भांडण कशाचं? कूलरचं. हसू नका. मुखरूभाऊंचे वडील मागच्या उन्हाळ्यात भर उपासनेत, याच बाकावर घेरी येऊन पडले आणि घरी नेईपर्यंत गेले. त्यांच्या आठवणीसाठी मुखरूभाऊंनी चर्चला कूलर दिला. केवढा, तर चामोर्शीच्या बाजारात बैल उभा असावा तेवढा, वर वडिलांचं नाव रंगवलेलं. यात वाईट काय? वाईट एवढंच की प्लग एकाच भिंतीला, आणि त्या भिंतीशी एलियाभाऊंची बाजाची पेटी. आजानं वाजवली, बापानं वाजवली, आता हे वाजवतात. कूलरचे शिंतोडे उडून उडून ती फुगली, पट्ट्या अडकायला लागल्या, आणि एका मयतीला एक सूर जो खाली बसला तो वर यायलाच तयार नाही, गाणं संपलं, लोकांनी प्रार्थनेला डोळे मिटले, आणि पेटी आपली भों... एलियाभाऊ उठले, कूलर बंद केला. मुखरूभाऊ उठले, चालू केला.

"माह्या बापाचं नाव हाय त्याच्यावर."

"माह्या बापाचे बोटं हाएत याच्यावर."

झालं. बोलणं बंद. आता शहाण्या माणसानं बाक बदलावा की नाही? पण बाक बदलला तर हरल्यासारखं होतं ना. दोघं दोन टोकांना, मधे एवढी मोकळी जागा, आणि शांती तिथं येऊन थांबायची. मागचे सगळे बाक शांतीवाचून घरी जायचे. मग आमचे पाळक आदेशसाहेब, तरुण माणूस, त्यांनी तोडगा काढला. मला उचललं आणि मधे ठेवलं.

मुखरूभाऊंकडून घ्यायची, एलियाभाऊंना द्यायची. दोन-चार रविवार चाललं. एके दिवशी एलियाभाऊ माझ्या हाताकडे बघत राहिले. "काकाजी, हे शांती तुमची हाय का त्याची?"

मी म्हणालो, "देवाची आहे जी."

"देवाची हाय, पन कोनाच्या हातून येऊन राह्यली?"

मी खिशातून रुमाल काढला, हात पुसला, आणि कोरा हात पुढे केला. तर इकडून मुखरूभाऊ, "माही शांती पुसून टाकली तुमी?"

आणि मधे मी.

त्याच दिवशी एलियाभाऊंनी जाहीर केलं, आता एकच रविवार, मग पेटी उचलून आपल्या धानाच्या गोदामात वेगळी उपासना. गाणारे सगळे त्यांच्यामागे. आणि गाणाऱ्यांत पुढे कोण? आमची मनकर्णा. माझी बायको. म्हटलं, अगं, लग्न झाल्यापासून एका चर्चला जातो आपण. तर म्हणते, "बिनापेटीचं मी गाऊ कशी? मी पेटीसंगं जाईन, तुमी बसा कूलरसंगं. तुमाले तसंबी बीपी हाय." म्हणजे विचार करा, म्हातारपणी एकाच दारातून निघायचं, आणि चौकातून ती एकीकडे, मी दुसरीकडे. हसायला सोपं आहे हो.

तो रविवार आला. मे महिना, आमच्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, बाकाला टेकलं तर पाठ इस्त्री होते. आणि पाळकसाहेबांचा न्याय काय, तर आज कूलरही बंद, पेटीही बंद. आमच्या कचेरीत हेच चालायचं, दोघांत वाद असला की दोघांच्याही फायली दाबून ठेवायच्या, म्हणजे कोणी पक्षपात म्हणत नाही. वर म्हणाले, "शांती शेवटच्या बाकापर्यंत गेल्याशिवाय आज मी प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावणार नाही."

शांती निघाली. पहिला बाक. दुसरा. मुखरूभाऊंनी माझा हात धरला, त्यांचा तळवा घामानं भिजलेला. मी वळलो. एलियाभाऊंचे दोन्ही हात काखेत, नजर पेटीवर. सगळं चर्च आमच्या बाकाकडे बघतंय, पलीकडे बायकांच्या बाजूनं मनकर्णा बघतेय.

"घ्या ना जी," मी हळूच म्हणालो.

"त्याले सांगा, स्वतः देऊन पाह्य म्हना."

मी इकडे वळलो. सांगायची गरज नव्हती, हातभर अंतरावर बसलेला माणूस, पण सांगितलं.

"त्याले सांगा, आंधी काखेतले हात काढ म्हना."

मी तिकडे वळलो. मग इकडे. मग तिकडे. आणि मग बघतो तर भिंतीवरचा क्रूस डावीकडे सरकून राहिलेला...

पुढचं मला नुसतं ऐकू आलं, दिसलं नाही. "अरे कूलर लावा, पाह्यता काय!" हा आवाज कोणाचा? एलियाभाऊंचा. "मुखरू, तुह्या बापासारखं कराचं हाय काय याचं?" चाकं खडखडली, कूलर स्वतः तेच ओढत होते. आणि मुखरूभाऊ ओरडताहेत, "थांब एलिया, पेटी हटवू दे आंधी, पानी उडते तिच्यावर!" मी एक डोळा किलकिला केला. मुखरूभाऊंनी पेटी कडेवर घेतलेली, लेकरासारखी, आणि बायकांच्या बाजूला नेऊन मनकर्णेपुढे ठेवली.

मग दोघं परत आले. माझं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या. मुखरूभाऊंनी माझ्या पोटावरून हात पुढे केला. एलियाभाऊंनी धरला. "शांती," एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य, जन्मभर म्हटलेलं, कोणालाच आठवेना. बराच वेळ हात तसेच, आणि त्यांचा सगळा भार माझ्या पोटावर. पण मी हललो नाही. कसा हलणार?

शांती शेवटच्या बाकापर्यंत गेली. भाकरी मोडली. गोदामात धानच राहिलं, पेटी बायकांच्या बाजूला राहिली, आणि कूलर मुखरूभाऊ लावतात, एलियाभाऊ पाणी भरतात. आता दोघं खांद्याला खांदा लावून बसतात, इतके चिकटून की तिसऱ्या बाकावर मला जागाच नाही. पाळकसाहेब म्हणाले, "काका, तुमचं काम झालं." माझी बदली दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. टोकाला मी, पुढे भिंत. शांती येते तिथंही, नाही असं नाही. पण द्यायची कोणाला? म्हणून घरी घेऊन येतो. परवा मनकर्णेचा हात धरला, म्हटलं, देवाची शांती तुझ्याबरोबर असो.

"मले चर्चातच भेटली जी," ती म्हणाली. "तुमी लसूण सोला."

सोलतो.