सायगा हरणांची हाक

अरल गावच्या बसथांब्यावर डोळे मिटून बसलेल्या बाल्झानच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या नणंद-भावजयींचं बोलणं पडत होतं.

“परत तेच स्वप्न, वहिनी?”

“तेच. त्या वर्षी खरंच आले होते तसे शिपाई येतात. म्हणतात, उद्या माळावर विषारी धुराची चाचणी आहे, जनावरं हलवा.”

“हलवली होतीस की! मेंढ्यांची हाक वेगळी, घोड्यांची वेगळी, उंटांची वेगळी. ओरडून घसा बसला होता तुझा.”

“पण सायगा हरणांची हाक कुठली? ती माळावरच राहिली, मेली.”

“रानच्या जनावराला कोण हाक मारतं? वेडी कुठली!”

“काल स्वप्नात मी मारली. मेंढ्यांचीच.”

“मग?”

“मेंढ्या आल्या. हरणं तशीच निजलेली, पाडसांच्या तोंडात आचळं.”

बसचा भोंगा दोनदा वाजला.

“आज पुन्हा मारून बघ, वहिनी.”