ओवीच्या पानावरचं तूप

मंडळी, ऐका! एकच गोष्ट विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. तुम्ही उपास धरता, तो कुणासाठी? देवासाठी? वा! आणि दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून धरलेला उपास — तो कुणाला पोचतो हो? अहो मावशी, मान का खाली घातलीत? मी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही!

तर एक होती चैताली. पंधरा वर्षांची, दहावीत. पोर गुणी, पण अंगानं चांगली जाडजूड. आता हे तिला कुणी सांगायची गरज होती का? नव्हती! पण गावाला राहवतंय थोडंच! दुकानदारसुद्धा विचारायचा, "काय चैताली, आज काय काय खाल्लंस?" आणि त्याच घरात तिची चुलत बहीण ओवी. एक वर्षानं लहान, नुसती काडी! दोघी एका पंगतीला जेवायला बसायच्या. ओवी चार पोळ्या खायची, वर श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून साफ — अंगाला तोळाभर लागायचं नाही! आणि चैतालीनं दुसरी पोळी घेतली की आजी डोळे वटारायची. मग ती पोर जळणार नाही तर काय करणार?

जळत होती हो! ओवीचा नवा ड्रेस बघून जळायची, ओवीला कुणी 'नाजूक' म्हटलं की जळायची, ओवी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली तरी जळायची. आरशापुढं उभी राहून म्हणायची, "हिला देवानं निवांत बसून घडवलं, आणि मला घाईत उरकलं!"

अशात श्रावण आला. तालुक्याला मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा! गल्लीतल्या पोरींना नलूआत्या शिकवायची. तिनं फुगडीला ओवी आणि तिच्या मैत्रिणीला निवडलं. चैतालीला म्हणाली, "तू मागं उभी राहा हं बाळा, गाणी म्हण. आवाज गोड आहे तुझा."

झालं! अहो, फुगडी म्हणजे चैतालीचा जीव की प्राण! तिनं दात-ओठ खाऊन ठरवलं — आता मी वाळणार, आणि ही फुगणार!

काय केलं? सोमवार धरला. मंगळवार धरला. शुक्रवार, शनिवारही धरला! आणि घरात वाढायचं काम मागून घेतलं. आजी सगळ्यांना सांगत सुटली, "काय श्रद्धा आहे हो पोरीची!" कसली श्रद्धा, आजीबाई? ती ओवीच्या भातावर तूप ओतत होती — एक पळी, दोन पळ्या, तीन! आणि मनात जप चाललेला, 'फुग! फुग! फुग!' — गणपतराव, पखवाज थांबवा, हे भजन नव्हे!

आठ दिवसांनी चैताली पिठाच्या गिरणीत गेली आणि धान्याच्या काट्यावर चढली. दीड किलो कमी! आनंदीआनंद! पुढच्या आठवड्यात पुन्हा चढली, तर काटा हलेना. का? अहो, जठराग्नी म्हणजे चूलच ना! लाकूड घालायचं बंद केलंत, तर ती राखेखाली दबून धुमसत राहते, जेमतेम जळते. आणि उपास सोडायला बसली की अशी वखवख सुटायची, की पातेलं खरवडून खायची. मग मोरीत जाऊन रडायची. आणि ओवी? होती तशीच्या तशी!

एका शुक्रवारी काय झालं, ओवीची जोडीदारीण तापानं आजारी पडली. आत्या म्हणाली, "चैताली, ये गं, सरावापुरते हात धर." चैतालीला आभाळ ठेंगणं झालं! पण पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही. चार गिरक्या झाल्या नि डोळ्यांपुढं अंधार — धाडकन पडली!

शुद्धीवर आली ती सरकारी दवाखान्यात. सिस्टरबाईंनी खडसावलं, "उपास बंद! तीन वेळा पोटभर जेवायचं आणि रोज तासभर खेळायचं. आणि काटा-बिटा बघायचा नाही!"

उशाशी ओवी बसली होती, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, तू मरू नकोस गं. घरात सगळे माझी हाडं मोजतात. आई जंताची औषधं पाजते, शेजारी विचारतात हिला क्षय तर नाही ना. एकटी तू मला मायेनं वाढतेस. ते तूप मला जात नाही गं, मळमळतं... पण तुला वाईट वाटेल म्हणून मी सगळं संपवते."

मंडळी, काय वाटलं असेल चैतालीला? तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ओवीनं तिचा हात सोडला. उठली, निघून गेली.

 तिसऱ्या दिवशी ओवी अंगणात येऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढं केले. "खूप राग आलाय मला तुझा. धर घट्ट."

मग रोज संध्याकाळी फुगडी! आणि गंमत बघा, खेळून आल्यावर चैतालीला पूर्वीसारखी वखवख होईना. भूक लागायची, पण शहाण्यासारखी. दोन पोळ्यांत समाधान! वजन? फारसं नाही उतरलं हो. पण पूर्वी जिन्यात धाप लागायची, ती आता शंभर गिरक्यांनंतरही लागेना.

तापातून उठलेल्या मैत्रिणीला अजून त्राण नव्हतं, म्हणून आत्यानं स्पर्धेत त्या दोघींचीच जोडी उभी केली. गिरकी सुरू झाली आणि बायकांमधून आवाज आला, "अगं बघा बघा, जाडी आणि रोडी!" सगळ्या खदखदून हसल्या. दोघी पोरी एकदम थांबल्या. हात धरलेलेच, माना खाली. नंबर गेला.

मंडळी, चैतालीनं आपला मत्सर कबूल केला, ओवीनं तो पोटात घातला. पण ती ओरडलेली बाई कोण, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. ती आज इथं बसली असेल, तर तिला मी नाव विचारत नाही. आरती झाली की त्या दोघी तिकडं खांबाजवळ प्रसाद वाटणार आहेत. जा, आणि मान वर करून घेऊन दाखवा!