पळसदरीच्या पापडांना तमिळ पाटी

अगं, आमच्या ऑनलाइन पापडांची गंमत ऐक. चेन्नईच्या एका बाईंची ऑर्डर आली, म्हणून माझी जाऊ हौसेनं दुकानात तमिळ भाषा टाकायला गेली. दुकान राहिलं मराठीतच, आम्ही ऑर्डरी बघतो ते आतलं अ‍ॅडमिन पॅनल मात्र सगळं तमिळ झालं! वाचता येत होता तो फक्त त्या बाईंचा फोन नंबर. शेवटी तोच लावला.

बिचाऱ्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर मोडक्या हिंदीत एकेक बटण वाचून दाखवलं, पॅनल मराठीत आणून दिलं. पापडांची तमिळ नावंही त्यांनीच लिहून दिली, आणि दुकानात तमिळ आलं एकदाचं.

परवा दीर म्हणाले, "तमिळमधून येतं एकच गिऱ्हाईक. काढा ती भाषा."

जाऊ उसळली, "नाय काढायची! आपल्याला नडलं तवा त्यांनी वाचून दाखवलं ना? मग त्या आपल्या दारात आल्यावर त्यांना नको वाचता यायला?"