रस्त्याखालचं पाणी

ताई – हे वाक्य खरंच ठेवायचं आहे? ‘खेळांच्या या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर कुणी ओकून ठेवलं, तरी त्याला साडेचार तारे मिळतील.’

धाकटा – ठेवायचंच. अख्ख्या व्हिडिओचा कणा आहे तो.

ताई – लोक जेवता जेवता बघतात रे तुला.

धाकटा – बघू देत. मी आठवडाभर तेच गिळतोय, त्यांनी एक घास घ्यायला काय हरकत आहे? काल व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल उघडला. खेळाचं खोकं फोडलं, तर आत तबकडीच नाही. एक चिठ्ठी, तिच्यावर सांकेतिक अंक, ‘उतरवून घ्या’. उतरवायला चार तास. मग खातं उघडा. मग त्या खात्याला जोडायला दुसरं खातं उघडा. एवढं करून खेळ सुरू होतो, आणि आतला पहिला माणूस मला म्हणतो, ‘सोनेरी चिलखत विकत घेणार का?’ शिसारी येते गं.

ताई – हळू बोल. तुझं पिल्लू आत्ताच झोपलंय.

धाकटा – आणि ती महिन्याच्या वर्गणीवाली सोय! तीनशे खेळ देतात, त्यातला तुम्ही निम्म्यात आलेला खेळ महिनाअखेरीला काढून घेतात. कुणी समोरचं ताट उचलून नेल्यासारखं. मोबाइलवरच्या खेळांचं तर नावच काढू नकोस. तिथे खेळ हा जाहिरातींच्या मधला खोकला आहे.

ताई – हे चांगलं आहे. हे व्हिडिओत का नाही बोललास?

धाकटा – आत्ता सुचलं.

ताई – बरं, तुझा राग मला मान्य आहे. मी काही या दुकानांची वकील नाही. मी रेडिओ केंद्रात आठवडाभर दुसऱ्यांचे खोकले कापते आणि रविवारी तुझे. पण मला सहाव्या खेळाबद्दल विचारायचंय.

धाकटा – कुठला सहावा?

ताई – तुझी यादी आहे ना, ‘येऊ घातलेले आणि कुणीही न पाहिलेले खेळ’. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईचा खेळ तू डोक्यावर घेतलास. मिठागराचा खेळ डोक्यावर घेतलास. सहावा आला, ‘रस्त्याखालचं पाणी’, आणि त्याला तू झोडपलंस. थांब, तुझ्याच आवाजात ऐकवते.

(संगणकातून धाकट्याचा आवाज : ‘हा खेळ म्हणजे निव्वळ रिकामपण. राखाडी गल्ली, हातात एक काठी, वीस मिनिटं चाला. काहीही घडत नाही. कलेच्या नावाखाली आळस विकणाऱ्या या दोघांना माझी विनंती आहे, दुसरा काहीतरी उद्योग शोधा.’)

धाकटा – मग? खोटं काय आहे त्यात?

ताई – तुझ्या बोलण्याखाली खेळाचा मूळ आवाज हवा होता मला. तू पाठवलेल्या फाइलमध्ये त्या जागी सरळ रेघ आहे, आवाजच नाही.

धाकटा – मग तुझ्या ठेवणीतलं संगीत टाक. नेहमी टाकतेसच की.

ताई – नेहमी टाकते, कारण मला वाटायचं की तू मूळ आवाज मुद्दाम काढून पाठवतोस, हक्कांची भानगड नको म्हणून. आज म्हटलं, या खेळाला आपलं टणटण संगीत शोभणार नाही. म्हणून सकाळी मीच त्याचा फुकटातला डेमो उतरवून घेतला, थोडा आवाज मुद्रित करायला.

धाकटा – आणि?

ताई – तू आवाज बंद ठेवून खेळलास?

धाकटा – मी सगळेच बंद ठेवून खेळतो.

ताई – सगळेच?

धाकटा – तुला माहीत नाही का? पिल्लू झालं तेव्हापासून. हिची रात्रपाळी. दिवसा ही झोपलेली, पिल्लू पाळण्यात. स्पीकर लावला तर ही उठणार. हेडफोन लावले तर पिल्लू रडलेलं मला कळणार नाही. मग केला आवाज बंद. तेवढंच जमण्यासारखं होतं.

ताई – पिल्लू आता साडेतीन वर्षांचं आहे, राजा. ती रडत नाही, उठून येते आणि तुला रागावते.

धाकटा – हो, पण सवय लागली. आणि काय बिघडतं? नव्वद टक्के खेळांत आवाज म्हणजे ढोल आणि बंदुका. कान वाचतात.

ताई – नव्वद टक्क्यांचं मला ठाऊक नाही. या खेळात तू जो माणूस आहेस, तो पाणीपुरवठ्याचा कर्मचारी आहे. रस्त्याखाली नळ कुठे फुटलाय ते शोधतो. ती काठी रस्त्याला टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायचं. पाणी कुठे सळसळतंय ते ऐकायचं. एवढाच खेळ आहे. तू कान बंद करून वीस मिनिटं काठी घेऊन हिंडलास, आणि म्हणालास, काही घडत नाही.

धाकटा – तसं लिहायला हवं होतं त्यांनी. पहिल्याच पडद्यावर.

ताई – लिहिलंय. मोठ्या अक्षरांत. ‘हेडफोन लावल्याशिवाय हा खेळ सुरू करू नका.’

धाकटा – पहिले पडदे कोण वाचतं! सगळीकडे तेच असतं. अटी मान्य, नियम मान्य, तुमची माहिती आम्ही विकू ते मान्य. अंगठा आपोआप बटण दाबत सुटतो. ही सवय मला त्यांनीच लावलीय, त्या दुकानवाल्यांनी.

ताई – अंगठा तुझाच होता पण.

धाकटा – ठीक आहे. चुकलं. तो तुकडा काढून टाक. सहाच्या जागी पाच खेळ. संपला विषय.

ताई – संपला कसा? तूच व्हिडिओत ओरडतोयस की डेमोंचा हा सप्ताह उद्या संपतो. उद्यापर्यंत ज्यांनी खेळ ‘पुढे घ्यायचाय’ म्हणून विशलिस्टमध्ये टाकला, त्यांची डोकी मोजून दुकान ठरवतं, कुणाला पहिल्या पानावर ठेवायचं आणि कुणाला तळाशी गाडायचं. या खेळाबद्दल दुसऱ्या कुणीही अवाक्षर काढलेलं नाही. मी शोधलं. तू गप्प बसलास तरी ते गाडलेच जाणार.

धाकटा – जगातला प्रत्येक खेळ वाचवायचा मक्ता मी घेतलेला नाही.

ताई – नाही घेतलास. पण हा तू बुडवायला निघाला होतास. कोण आहेत हे दोघे, पाहिलंस?

धाकटा – नाही.

ताई – सासरा आणि सून. तो याच कामातून निवृत्त झालाय, संगणकाचं काम तिने केलंय. त्याने खरोखरच्या रस्त्यांवर काठी लावून आवाज टिपलेत. आणि त्यांना तू दुसरा उद्योग शोधायला सांगतोयस.

धाकटा – पुरे ना आता.

ताई – बरं, पुरे.

धाकटा – मी ज्यांच्या नावाने बोटं मोडतो ना, खेळ न खेळता तारे वाटणारे ते समीक्षक... त्यांच्यापेक्षा मी वाईट निघालो. ते निदान पाकीट घेऊन खोटं बोलतात. मी प्रामाणिकपणे खोटं बोललो. शी!

ताई – थोडं पाणी पी.

धाकटा – आणि हा एकच नाही. तीन वर्षांतले सगळे. त्या जंगलाच्या खेळाला मी ‘निर्जीव’ म्हणालो होतो. तिघांच्या कंपनीचा होता तो. नंतर बंद पडली ती.

ताई – तो कदाचित आवाजासकट निर्जीव असेल.

धाकटा – कदाचित! कळणार कसं मला? तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की हा फाइली मुक्या का पाठवतो?

ताई – नाही विचारलं. पंधरा वर्षं आवाजाची नोकरी करतेय, आणि तीन वर्षं डोळे मिटून त्या रेघेवर संगीत ओतत राहिले. मला काय कमी लाज वाटतेय? तुझ्यावर ओरडण्याआधी सकाळभर स्वतःवर चिडून झालंय माझं.

धाकटा – आता काय करायचं? सातला व्हिडिओ जायलाच हवा. वेळ चुकली की व्हिडिओ लोकांपुढे ठेवणारं ते यंत्र चार आठवडे मला कुणाला दाखवत नाही. किळसवाणा कारभार आहे सगळा.

ताई – आहेच. पण मी काही सांगणार नाही. तुझं नाव, तुझं तोंड, तुझा व्हिडिओ. तुकडा काढ म्हणालास तर काढते. आहे तसा ठेव म्हणालास, तर मात्र माझं नाव शेवटच्या पाटीवरून काढ.

धाकटा – तुझे ते मोठे हेडफोन आणलेत?

ताई – पिशवीत आहेत.

धाकटा – पिल्लू उठलं तर?

ताई – मी आहे ना इथे. माझे दोन्ही कान तिच्याकडे. तू बस.

धाकटा – जड आहेत गं हे.

ताई – आवाज अर्ध्यावर ठेव. त्या गल्लीच्या टोकाला पंप आहे, दचकशील.

धाकटा – सांगू नकोस ना. शोधू दे माझं मला.

ताई – बरं बाबा.

धाकटा – काठी टेकवली. नुसती घरघर आहे. इथे... इथेही घरघरच. थांब. हे काय?

ताई – काय?

धाकटा – पाणी आहे. पण त्याच्या मागे आणखी काहीतरी आहे. वरच्या घरात कुणीतरी भांडी घासतंय. नळातून ऐकू येतंय ते. बाई आहे. गुणगुणतेय काहीतरी, मध्येच विसरतेय, परत पहिल्यापासून.

ताई – हो. ती मला सकाळी सापडली नव्हती.

धाकटा – या गल्लीला मी व्हिडिओत ‘राखाडी’ म्हणालो.

ताई – रेकॉर्डिंग सुरू करू? सात वाजायला अजून दोन तास आहेत. नव्याने बोलायला पुरतील.

धाकटा – नको.

ताई – उशीर होईल.

धाकटा – होऊ दे. तिचं गाणं पुरं होऊ दे आधी.