डावीकडे पन्नास

गुडघा शेकून झाला तरी मास्तरीणबाई दवाखान्यातल्या बाकावरून उठल्या नाहीत. शेजारी एक घोडेस्वार साहेब आणि त्यांचे घोडे सांभाळणारा म्हातारा मोतद्दार यांची जुंपली होती, आणि ती अर्धवट सोडून घरी जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“घोडी सोमवारी विकून टाकायची. ऐन स्पर्धेच्या तोंडावर डाव्या पायाने लंगडते म्हणजे काय?”

“आधीचा काळा घोडाही डाव्यानेच लंगडला होता, साहेब.”

“तो खोडीलच होता.”

“आणि त्याच्या आधीचा?”

“त्याची हाडंच कच्ची.”

“खोगिरं तीन झाली, नालबंद दोन झाले. घोडी आठवडाभर मोकळी सोडली की सुतासारखी सरळ चालते. तुम्ही बसलात की पुन्हा डावीकडे कलते.”

“म्हणजे दोष माझा? वीस वर्षं मांड ठोकतोय मी!”

“तेच म्हणतोय. घोडे तीन झाले, मांड तीच.”

“तोंड आवर. कंबर दाखवायला आलोय मी, तुझं प्रवचन ऐकायला नाही.”

डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन वजनाचे दोन काटे शेजारी शेजारी ठेवले.

“एकेकावर एकेक पाय ठेवा. सरळ उभे राहा.”

“सरळच उभा आहे.”

“डावीकडे पन्नास किलो, उजवीकडे बत्तीस.”

“डावा काटा बिघडलाय.”

“बरं, काट्यांची अदलाबदल करते. आता चढा. डावीकडे पन्नासच.”

“मग तुमची फरशी उतरती असणार!”

“फरशी बदलून घेऊ, साहेब,” मोतद्दार म्हणाला. “घोडी तेवढी राहू द्या.”