बाबांचा पगार

माझी जीभ तिखट आहे म्हणता ना? मग माझ्या बाबांचं ऐका.

बाबा वाशीमच्या एका परमिट रूममध्ये गिऱ्हाइकांचे ग्लास भरायचे. मालक पगार देत नसे. म्हणे, "तुले गिऱ्हाइकायचं बक्षीस भेटते ना!" पगार मागा म्हणून मी घरी रोज भांडायचे. बाबांचं एकच, "मोठ्या लोकायशी असं बोलत नाई, पोरी."

एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन दारात उभी होते. मेडशीच्या पाटलांनी उठताना टेबलावर रुपया ठेवला. बाबांनी तो परत सरकवला.

"काहून रे? माहा रुपया खोटा हाये का?"

"नाई, पाटील. पन मालक मले पगारच देत नाई. तुमच्या रुपयावर माहं घर चालते. मंग तुमीच सांगा, मी चाकर कोनाचा? त्याइचा का तुमचा?"

पाटील गल्ल्याकडे वळले. "काहो शेटजी, तुमचा नोकर मी पोसून राह्यलो का?"

सगळी गिऱ्हाइकं बघत होती. शेटजींनी तिथल्या तिथं महिन्याला साठ रुपये कबूल केले.

पाटलांनी रुपया पुन्हा पुढे केला. "आता तरी घेशीन?"

"आता घेतो," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "आता ते बक्षीस हाये."